वाळ्याच्या ताट्या

हे शहर उन्हाळ्याचंच, हो.
घर बांधतानाच गवंडी विचारतो,
कूलर कोणत्या खिडकीले बसवाल?
गच्चीला चुना, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
सेहेचाळीसमध्ये कसं जगायचं
ते इथल्या पोराला शिकवावं लागत नाही.
पण पारा सहावर आला
की आम्ही सगळे नवशिके.

माझं दुकान इमामवाड्यात, कूलर दुरुस्तीचं.
मे महिन्यात जेवायला वेळ नसतो,
आता कुत्रंही येत नाही.
मोटारी गोणपाटात निजलेल्या,
पंप तेलाच्या डब्यात,
आणि मागच्या भिंतीला टेकून
लोकांनी बदलून टाकलेल्या वाळ्याच्या ताट्या,
बोअरच्या पाण्यानं क्षार चढून
पिकलेल्या दाढीसारख्या.

घरचा कूलर खिडकीतच आहे अजून.
त्याच्या तोंडावर फ्लेक्स ठोकलाय,
कुण्या भाऊसाहेबांचा वाढदिवस, उलटा.
थंडी त्यांच्या कानामागून आत येते.

रात्री एकला उठलो.
शटर बघून येतो, म्हटलं बायकोला.
खरं म्हणजे मेडिकलच्या गेटाशी
रात्रभर चहा मिळतो.

तिथं भिंतीच्या कडेनं
देवरी, कोरची, सिरोंचा, तिरोडा,
एसटीच्या पाट्या उतरवून ठेवाव्यात तशी माणसं.
पेशंट आत, तिसऱ्या मजल्यावर, लाल ब्लँकेटात.
त्यांचे लोक बाहेर.
एकानं सिमेंटच्या पोत्यात पाय घातलेले, कमरेपर्यंत.
एका पोरानं एक्स-रेचा मोठा लिफाफा
शर्टाच्या आत छातीशी धरलेला.
वारा अडते ना, म्हणाला.
बापाच्या बरगड्या त्याच्या बरगड्यांवर.

शेवंताबाई उईके तेवढी बसून होती,
गुडघ्यांभोवती लुगड्याचा पदर घट्ट ओढून.
निजत का नाही, विचारलं.
"निजलं का हिव हाडात घुसते, बाबू.
बसलं का बाहेरच रायते."

मी काही दानशूर नाही.
घरी ब्लँकेटं तीन, माणसं पाच.
पण परत गेलो, शटर उचललं,
हातगाडीवर सात ताट्या टाकल्या.

गार्ड धावत आला, इथं पेटवता येत नाही!
मग ताट्यांकडं बघितलं, त्या रांगेकडं,
मग आपल्याच हातांकडं.
"गेटापासून तिकडं सरका जरा," म्हणाला
आणि त्याचीच खुर्ची आधी सरकली.

वाळा लवकर धरत नाही.
नुसता धूर, डोळ्यात पाणी,
क्षार तडतडतो, वाटतं विझलं,
आणि मग
वास आला.

एप्रिलातली पहिली दुपार.
कोरी ताटी, तिच्यावर पहिल्यांदा सोडलेला पाइप,
अंधारलेली खोली, जमिनीवर ओली चादर,
कैरीच्या पन्ह्याचा गंज झाकलेला.
झोपलेले उठून बसले.
पोत्यातला माणूस पोत्यासकट उड्या मारत आला.
"कूलर लावला का बे कोणं?"
लिफाफ्यावाला पोरगा म्हणाला,
आणि हसला, आणि हसल्यावर
त्याला खूप वेळ खोकला आला.

कुणी फार बोललं नाही.
तळवे पुढं, पाठी थंड,
मग पाठी पुढं.
शेवंताबाईनं गरम तळवा गालाला लावला,
आणि मग गेटाकडं बघत
तोच तळवा हवेत तसाच धरून ठेवला,
वर न्यायचा असल्यासारखा.

साडेतीनला कुणाचं तरी नाव पुकारलं.
सगळे उभे राहिले.
नाव एकाचंच होतं.
बाकीचे बसले.

पाचला पोहेवाल्यानं तर्रीचा गंज उघडला
तेव्हा राखेत नुसती तार उरली होती.
हात धुतले तरी वास गेला नाही.
बायकोनं हुंगून विचारलं,
शटर बघाले गेले होते ना?

पेपरात आहे, अजून तीन रात्री.
दुकानात ताट्या उरल्या अकरा.
अकराला तीननं भाग जात नाही.
आमच्या खिडकीतली, मागच्या बाजूची
एक काढली
तर जातो.