बिलाच्या पाठीमागे

एकतीस वर्षं मी तिकिटं फाडली,
हडपसर ते स्वारगेट, स्वारगेट ते हडपसर.
सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीवर
बॉलपेनानं लिहून द्यायची: देणे आठ रुपये.
उतरताना माणूस हात पुढे करायचा,
मी मोजून द्यायची.
कागदाला पाठ त्यासाठीच असते
असं मला वाटायचं.

लक्ष्मी रोडच्या दुकानानं मात्र
बिलाच्या पाठीवर आधीच छापून ठेवलेलं,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.

साडेबावीस हजारांचा शालू.
गादीवर मांडी घालून मोनालीनं
छत्तीस बाजूला सारले तेव्हा हा सापडला,
डाळिंबी, काठाला मोरपंखी.
विकणाऱ्यानं पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला,
"ताई, रंगाची गॅरंटी माझी."
तोंडी होती ती.
तोंडाला पाठ नसते.

मांजरीचं कार्यालय, मे महिना,
पंख्यांचा नुसता आवाज.
मंगलाष्टकं संपता संपता
मामांनी स्वतः रचलेली आणखी दोन म्हटली.
हृषीकेशच्या पांढऱ्या उपरण्याला
पोरीच्या पदराची गाठ बसली,
आणि सातव्या पावलाला करवली माझ्या कानाशी आली:
मावशी, रंग जातोय.

दंड, कंबर, उपरण्याचं टोक,
सगळं डाळिंबी.
"रंगली हो सूनबाई," व्याह्यांकडची कुणी म्हणाली,
हसण्यावारी गेलं.
पंगतीला मोनाली माझी इरकल नेसून बसली,
मी जावेची.
जाऊ दिवसभर ड्रेसवर,
ते ती अजून काढते.

शेठ म्हणाले, घामाला आम्ही काय करणार?
मग म्हणाले, घरी धुतला असेल.
मग म्हणाले, नेसलेली साडी कुणी परत घेतं का, तुम्हीच सांगा.
मी म्हणाले, न नेसता कळणार कसं, तुम्ही सांगा.
त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.
पाच हजारांची क्रेडिट नोट पुढे सरकवली,
तीन महिन्यांत काहीही घ्या.
एकच मुलगी मला.
दुसरं लग्न कुठून आणू?

ग्राहक आयोगाचा अर्ज मीच लिहिला,
डेपोत रिपोर्ट लिहायची सवय होती.
पुरावा म्हणून अल्बम लावला. पान सतरा, सप्तपदी.
त्यांच्या वकिलानं चष्मा वर करून पाहिलं:
"तक्रारदाराची मुलगी यात आनंदी दिसते."
"साहेब," मी म्हणाले, "ती लग्न करत होती."
मागच्या बाकावर कुणी हसलं.
मॅडम खाली बघून काहीतरी लिहू लागल्या.

चौदा महिने, पाच तारखा.
दोन तारखांना मोनाली आली नाही, तिला उलट्या व्हायच्या.
निकाल लागला तेव्हा नात तीन महिन्यांची.
साडेबावीस हजार, नऊ टक्के व्याजानं.
खर्चाचे तीन. मानसिक त्रासाचे पाच.
बिलामागची ओळ ग्राहकाला बांधत नाही, असंही.
आणि अगदी शेवटी:
तक्रारदाराने सदर शालू सामनेवाले यांस परत करावा.

हे मला सुचलंच नव्हतं.

रात्री दोघींनी घडी उलगडली.
निरीत एक अक्षत अडकलेली,
कुंकवानं लाल की शालूनं, सांगता येईना.
मोनालीनं ती चिमटीत धरली,
"हीपण द्यायची?"
निकाल पुन्हा वाचला मी. अक्षतेचं त्यात नव्हतं.
उपरण्याचंही नव्हतं.

शेठनी चेक दिला, शालू घेतला,
गादीवर न पसरताच खाली ठेवला.
मी म्हणाले, पोहोच द्या.
परत आलेल्या मालाची पावती
त्यांच्या दुकानात छापलेलीच नव्हती.
मी जुनं बिल काढलं, पालथं केलं,
त्या मुंग्यांच्या खाली
बोटानं जागा दाखवली.

शालू मिळाला. तारीख. सही.

बॉलपेन माझंच होतं.