तिथपर्यंतचं गाणं

कुरियरवाला पोरगा बंदरावर
बर्फ कारखाना विचारत आला तेव्हा
मी अमोनियाच्या पाइपाला साबणाचा फेस लावून
गळती शोधत होतो.
हात पुसले, सही केली.
'थर्ड टाइड : चाळीस वर्षं'.
दोन डिस्क, बत्तीस गाणी.
त्यातली एकतीस माझ्याकडे होतीच,
काही तीनदा, एक तर पाचदा.

सुगंधा म्हणते,
"हीच गाणी आसत मा घरात? मगे परत कित्याक?"
बरोबर आहे तिचं.
बांगडे तेच, टोपली तेवढी नवी.

पण पहिल्या रेकॉर्डवरचं तिसरं गाणं संपलं
की माझी बोटं आपोआप
चौथ्याच्या पहिल्या ठोक्यासाठी उचलली जातात,
आणि इथे चौथं येतच नाही.
येतं वीस वर्षांनंतरचं,
त्याच गळ्यात वाळू भरल्यासारखं.
उभादांड्याच्या रोजच्या वाटेला
कुणी मोचेमाडचं वळण आणून जोडावं तसं.
चार मिनिटांत ड्रमर बदलतो,
पुढच्या चारात मेलेला परत येऊन काठ्या उचलतो.
गायक एकावन्न वर्षांचा, मग चोवीसचा, मग अडतीसचा.
माझी वर्षं मात्र ओळीनेच गेली.

दुसरं कारण कुणाला सांगितलेलं नाही.
सत्याऐंशी साली बस्त्याव फर्नांडिस जहाजावर जाताना
नव्वद मिनिटांची कॅसेट भरून देऊन गेला.
निळ्या शाईत यादी, निम्मी स्पेलिंगं चुकलेली.
शेवटचं गाणं कुठल्याशा छोट्या तबकडीच्या पाठीवरचं,
पुढे कुठल्याच रेकॉर्डवर न आलेलं.
गिटार चढत जाते, गायक श्वास घेतो
आणि टेप संपते.
खट्.
"फुडे काय आसा रे?"
"मी इलंय काय वाजवन दाखवतंय."

आला नाही असं नाही.
आला दोनदा, टोरांटोचं जाकीट मे महिन्यात घालून.
गिटार विकली होती.
"कुठला गाणा?" म्हणाला.

म्हणून प्रत्येक संग्रह.
मापशाच्या दुकानात उभ्याउभ्या यादी वाचायची,
नाही म्हणजे नाही,
तरी पैसे मोजायचे,
दुकानदारासमोर हिरमुसलेलं दिसू नये म्हणून.

आज मात्र होतं. दुसरी डिस्क, अकरावं.
रात्री लाद्या ट्रॉलरवर चढवून झाल्या,
कॉम्प्रेसर थांबवला, स्टुलावर बसलो.
गिटार चढली. श्वास घेतला गेला.
मी डोळे मिटून घेतले
आणि गाणं सरळ पुढे निघून गेलं.

चाळीस सेकंद.
तेच ध्रुवपद दोनदा, मग आवाज बारीक होत होत संपला.
एवढंच.
अडतीस वर्षं त्या जागेत
मी काय काय साठवून ठेवलं होतं,
मला वाटतं, बर्फच.

घरी आलो.
सुगंधा पाठमोरी, सुंगटां सोलत,
तेच गाणं नाकातल्या नाकात म्हणत होती.
शब्द तिला कधी कळले नाहीत, कळायची गरजही नसावी.
चढायचं तिथे चढली,
श्वास घेतला
आणि थांबली.
अगदी तिथेच.
सुंगटाचं डोकं मोडून पातेल्यात टाकलं.

डिस्क माझ्या पिशवीत होती.
पिशवी खुंटीला लावली
आणि हातपाय धुवायला मागे गेलो.