चौदा पॉइंट दोन

आसूदच्या उतारावर दिवे पिवळे पडायला लागले
तेव्हाच कळायला हवं होतं.
मी काच पुसत राहिले.

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र पेटायचं.
धाकटी त्याला म्हणायची, रागावलेला डबा.
दापोलीच्या दुकानदाराने नवी बॅटरी गळ्यात मारली,
अकराव्या दिवशी तीही झोपली
हर्णैच्या बाजारात, बर्फाच्या टेम्पोसमोर,
आणि अख्ख्या बंदराने हॉर्न वाजवून
माझी लाज काढली.

मुख्तार तेव्हा कुठल्याशा समुद्रात, इंजिनरूममध्ये.
दोन तासांनी त्याचं उत्तर आलं :
इंजिन चालू ठेव, मीटर लाव, किती दाखवतोय?
आकडा बाराला शिवत नव्हता.
बॅटरी बिचारी चांगलीच होती,
तिला कुणी भरत नव्हतं.
"अल्टरनेटर गेला. मी आल्यावर बघतो."
तो येणार फेब्रुवारीत.
त्या दिवशी ऑक्टोबरची नऊ तारीख होती.

खेडहून एसटीच्या पार्सलने आला,
जुनाच, दुरुस्त केलेला, गोणपाटात गुंडाळून.
कंडक्टर म्हणाला, वहिनी, नारळ काय हो एवढे जड?

समुद्रापासून तीनशे पावलांवर घर असलं
की लोखंडाचा भरवसा धरू नये.
खिडकीचे गज, शिलाई मशीनचं चाक,
विहिरीच्या रहाटाची साखळी,
सगळं हळूहळू मातीच्या रंगाचं होतं.
बोल्टला रात्रभर रॉकेल पाजलं.
सकाळी पान्याला हातपंपाचा तुटका पाइप जोडला,
जॅकखेरीज खाली दोन चिरे सरकवले
आणि पाठीवर झोपून आत गेले.

सासू पायरीवर. बांगडे साफ करत.
"अगो, लोक काय म्हणतील?"
थोड्या वेळाने : "अगो, निघतोय का?"
मग हात न धुताच टॉर्च घेऊन आली
आणि नेमकी माझ्या डोळ्यांत धरली.

बोल्ट सुटला तेव्हा असा ओरडला
की शेजारच्या पालेकरांचा कुत्रा उठून उभा राहिला.
माझी दोन बोटं सोलली.

मुख्तारचे निरोप आवाजातले, नेटवर्क मिळेल तसे.
चौथा आधी आला :
पट्टा ताण, मधोमध अंगठ्याने दाब,
अर्धा इंच दबला की बस.
पट्टा तेव्हा माझ्या गळ्यात होता.
मग दुसरा :
खालचा बोल्ट काढू नकोस, नुसता सैल कर.
काढून झाला होता.
पहिला दुपारी साडेतीनला :
सगळ्यात आधी बॅटरीची काळी वायर काढ, नाहीतर...
पुढे नुसती घरघर.
काढली होती रे. काळी आधी, लाल नंतर,
लावताना उलट.
लग्नाच्या पहिल्या वर्षी तूच शिकवलं होतंस,
स्वतः झटका खाऊन.
तिसरा आलाच नाही.
त्यात काय होतं ते आता त्यालाही आठवत नाही.

जुना उघडून पाहिला, उगाच, कुतूहलाने.
आत कार्बनचे दोन तुकडे,
झिजून झिजून तुरीच्या डाळीएवढे.
सासू म्हणाली, एवढ्याशासाठी?
मी म्हटलं, एवढ्याशासाठीच.

किल्ली फिरवली.
लाल डबा पेटला.
राहिला.
माझ्या पोटात बंदरावरचा गाळ ढवळला.
जरा गॅस दिला, आणि तो गेला,
कुणी फुंकर मारल्यासारखा.
मीटर म्हणाला चौदा पॉइंट दोन.
दिवे लावले, पंखा लावला, वायपर कोरड्या काचेवर.
चौदाच्या खाली उतरेना.

फोटो पाठवला. गेला नाही.
मग नुसता आकडा लिहिला. एकच टिक.
मगरिबची अजान झाली, तरी एकच टिक.
सासूने हळद आणून बोटांवर दाबली,
बांगड्याच्या वासासकट,
आणि म्हणाली, उद्या मला दापोलीला ने,
चष्म्याचा नंबर काढायचाय.

एक वॉशर उरलाय.
बशीत ठेवलाय, फ्रिजवर.
गाडी त्याच्यावाचून नीट धावते आहे.
कुठला ते फेब्रुवारीत बघू.