डाव्या पायाचा बूट

फोटोत सगळं आहे:
आमचा उंबरा, पुसट झालेली रांगोळी,
माझी एक चप्पल पातळ, एक तीन बोटं जाड,
आणि त्यांच्या मधोमध खोकं.
दुपारी दोन वाजून दहा.
मी मागच्या खोलीत, मागावर.
"अल्ले इट्टीन्री, अक्का," मल्लेश म्हणतो फोनवर,
आणि वडगावचे माग खडखडतात,
त्याच्याकडचे की माझ्याकडचे, कळत नाही.

पोलीस स्टेशनात विचारलं, किंमत?
सांगितली.
एका बुटाची?
एकाच. डाव्या. तळ चढवून, मापानं केलेला.
हवालदारानं कानडीत लिहून घेतलं,
खाली मी मराठीत सही केली.

तेव्हापासून बाजारात मी पायच बघते.
आजवर लोक माझे बघायचे.
कोण लंगडतंय,
कोण नव्यानंच लंगडतंय.

अकराव्या दिवशी निंगव्वाला खोकं सापडलं
सांडपाण्याच्या पाइपामागे. बूट आत.
कोराच, खरं तळाला जरा माती,
आणि नाडी बांधलेली,
दुहेरी गाठ, घट्ट,
मी कधीच बांधत नाही तशी.

पायरीवर बसून सोडवतेय.
निंगव्वा म्हणते, काप की.