केरसुणी कुठल्या प्रकरणात

सकाळी इतिहास, दुपारी आंतरराष्ट्रीय संबंध.
मधल्या तासाला जिन्यावर पाव आणि चीज.
वही एकच; पुढून तारखा लिहीत येते,
मागून सिद्धान्त.
मध्ये कुठेतरी दोघं भिडतील
तेव्हा नवी वही घ्यायची, एवढंच ठरलंय.

आमचं गाव गोरित्सिया.
सत्तेचाळीस साली नकाशावरची रेघ
शिपायांनी चुन्यानं जमिनीवर उतरवली,
परसांतून, गोठ्यांतून,
आणि शेजारच्या मिरेनमध्ये थेट कबरस्तानातून.
मेलेल्यांना कुणी विचारलं नाही,
डोकं कुठल्या देशात हवं, पाय कुठल्या.

देवेताक बाई विचारतात: रेघ ओढणारा हात कुणाचा?
कुठल्या दिवशी? कागद कुठाय?
आणि कागद सापडला की चष्मा काढून म्हणतात,
आता सांग, हा खोटं का बोलतोय?

मोरासुत्ती सरांच्या फळ्यावर दोन वर्तुळं, अ आणि ब.
अ घाबरतो म्हणून बंदूक घेतो,
ती बघून ब घेतो,
मग अ म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो?
वर्तुळांना मावश्या नसतात.
त्यांच्या घरी दूध नासत नाही.

आणि तरी मला दोन्ही तास आवडतात.
सकाळी वाटतं, जे घडलं ते एकदाच.
दुपारी वाटतं, दुसरं काही कधी घडतच नाही.
संध्याकाळी आई रेघ ओलांडून कामाला जाते,
पलीकडच्या कसिनोत पत्ते वाटायला.
रेघेपाशी ती फक्त सिगारेट विझवते.

माझा निबंध एका रविवारावर आहे.
ऑगस्ट, एकोणीसशे पन्नास.
पलीकडची माणसं नातलगांना भेटायला नाक्यावर जमली,
वाढली, रेटली,
आणि बंदुका तशाच खांद्यावर राहिल्या.
हजारो माणसं गावात शिरली
आणि दुकानं उघडायला लावून
काय घेतलं, तर केरसुण्या.
दिवस मावळताना त्या खांद्यावर टाकून
आपल्या पायांनी परत गेली.

मोरासुत्ती सर म्हणाले, छान आहे,
पण केरसुणी कुठल्या प्रकरणात घालणार?
सत्ता? व्यापार? की 'इतर'?
देवेताक बाई म्हणाल्या, हजारो म्हणजे किती?

त्या दिवशी पंधरा वर्षांचा असलेला एक माणूस मला माहीत होता,
झोर्को कोमेल. सायकली दुरुस्त करायचा, पलीकडे राहतो.
भेट ठरली मार्च महिन्यातली.
आणि मार्चमध्ये चौकात जाळी आली.
साथ होती. तास पडद्यावर गेले,
सर वर्तुळं काढायचे तर त्यांचं मांजर आडवं यायचं.
कसिनो बंद. आई घरात एकटीच पत्ते पिसत बसायची.

झोर्को तरी आला. तोंडाला मुसकं, हातात काठी.
'परत का गेलात?' मी विचारलं. हा माझा मुख्य प्रश्न होता,
त्यावर तीन पानं वाचून आले होते.
तो म्हणाला, 'सोमवारी शाळा होती.'
मग बराच वेळ सायकलच्या चेनबद्दल बोलला.
मग म्हणाला, 'आईनं केरसुणीच सांगितली होती.
मला आइस्क्रीम हवं होतं. पैसे एकाचेच होते.'

केरसुणी दोन वर्षांत झिजली.
दांडा राहिला. त्यावर टोमॅटो चढवायचा.
'हाच तो,' त्यानं काठी जाळीवर टेकवली.
मी बोट घालून पाहिलं. गुळगुळीत होता.
खरंच तोच का,
हे देवेताक बाई विचारतील, हे मला तिथेच कळलं.
मी त्याला विचारलं नाही.

निबंध दिलाय. केरसुणीला वेगळं प्रकरण नाही,
ती सगळीकडे थोडी थोडी सांडलीय.
तळटिपेत लिहिलं:
तोंडी मुलाखत, झोर्को कोमेल, वय पंच्याऐंशी, स्टेशनसमोरचा चौक.
बाईंनी समासात लाल शाईनं विचारलंय:
तू जाळीच्या कुठल्या बाजूला होतीस?