प्रकरण तिसरं

मॅडम म्हणाल्या, जात दुसऱ्या प्रकरणात घे,
लिंगभाव तिसऱ्यात.
एकत्र केलंस की बाहेरचे परीक्षक गोंधळतात.
मी वहीत उतरवून घेतलं.
विद्यापीठाच्या माळावर मोर ओरडत होते.

सुभाषनगरात आमच्याकडे
तळ शिवायचा बाप्यानं, वेणी घालायची बाईनं.
भिजवलेल्या बारीक वाद्या
आई पायाच्या अंगठ्यात अडकवून विणायची
आणि शेजारी मी, दार लोटलेलं.
"गिऱ्हाईक आलं की उठायचं बघ."
एवढंच बोलायची.
माझी वेणी तिच्याहून घट्ट बसते
हे दुकानदाराला अजून माहीत नाही.
जोड उजेडात धरून तो म्हणतो,
शकुंतलाबाईंचा हात!

आंतरछेदिता हा शब्द पहिल्यांदा वाचला
तेव्हा मला आरी दिसली.
एकच भोक, वादी दोन्हीकडून आत,
ओढली, की कुठली कुठून आली
ते शिवणाऱ्यालाही सांगता येत नाही.
तळटीप द्यायची राहून गेली.

ताराबाई पार्कात एका गच्चीवर
आमच्यासारख्यांची बैठक असते.
तिथं कुणी कुणाला काही विचारत नाही,
आडनाव तेवढं.
सातपुते म्हणालो, तर एकजण खुलला,
मग काय, चपला होलसेलमध्ये!
सगळे हसले. मीही.
त्याचा पाय बघून मी म्हणालो, नऊ नंबर.
बरोबर निघाला.

विश्वजितला मी कापशी जोड दिला.
आत विंचू घातलेला,
पाऊल टाकलं की करकरणारा.
शिरोलीची दुसरी पाळी सुटल्यावर
सादळ्याच्या चढाला गाडी लावून
त्यानं तो घालून बघितला, चार पावलं चालला,
आणि काढून डिकीत ठेवला.
भावा, म्हणाला, घरात कळायला नको.
भावाच म्हणाला.
काय कळायला नको, ते बोलला नाही.
मी विचारलं नाही.
जोड कुणाच्या घरातला,
की जोडी कुणाची,
यावर माझ्याकडे एकही संदर्भ नाही.

आज पहाटेपासून तिसरं प्रकरण उघडून बसलोय.
दुसऱ्यातली पानं सारखी इकडं येतात.
आई पाण्यात वाद्या टाकत विचारते,
"मिटलं का रं तुझं परकरण?"
कुठलं, म्हणतो मी.
ती हात पुसते पदराला.
मी सवयीनं दार लोटायला उठतो.
"ऱ्हाऊ दे," म्हणते, "उकडतंय."