सदतीस अंश

रॉदरहॅमच्या कडेला, डॉन नदी जिथे गावाकडे पाठ करते,
तिथे आमची दोन पोटं उभी आहेत.
सिमेंटची, तीन मजली, डोक्यावर हिरवा घुमट.
अख्खं गाव रोज सकाळी परसाकडे जातं
आणि इथे येऊन पोचतं, नाव-आडनाव मागे ठेवून.
मेयरचं कुठलं आणि मटणवाल्याचं कुठलं,
ते मला चाळणीतूनही सांगता यायचं नाही.

आत अंधार. हवा लागली की मरणारे जीव
तिथे राबतात. सुट्टी नाही, उजेड नाही,
फक्त ऊब हवी, सदतीस अंश,
आईच्या पोटात असते तेवढी.

यंदा नाताळ उलटला आणि दोन नंबरचं पोट बिघडलं.
टर्की, क्रीम, सिंकमध्ये ओतलेली चरबी,
गावाचा सण चार दिवसांनी आमच्याकडे.
फेस चढला, झाकणाच्या फटीतून तपकिरी ओघळ,
आतलं सगळं आंबलं, गॅसचा काटा पडला.
डेरेक ओल्डरॉइड, एकतीस वर्षं इथलाच,
म्हणाला, चुना टाकू.
मी म्हटलं, थांब. लंघन.
शब्द त्याला कळला नाही. मी पंप बंद केला.
तीन रात्री उपाशी ठेवलं,
नुसतं ढवळत राहिलो, हळू,
आणि शेजारच्या पोटातलं थोडं घेऊन
विरजणासारखं घातलं.
चौथ्या पहाटे काटा हलला.
डेरेकने हेल्मेट काढून टक्कल खाजवलं.

अण्णा रविवारी फोन करतात, मिरजेहून.
नगरपालिकेत होते. कुठल्या खात्यात,
ते मी शाळेच्या फॉर्मवर कधी लिहिलं नाही.
आंघोळीला साबणाच्या दोन दोन वड्या,
आणि तरी लग्नात पंगतीच्या टोकाचं पान.
उरलेला गाळ शेतकरी नेतात, सांगितलं.
सोनखत, म्हणाले लगेच.
इथल्या कागदावर त्याला केक म्हणतात
हे मी सांगितलं नाही.

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न.
वास येतो का गं?

नाही अण्णा. सगळं बंद असतं.
गॅसही धुऊन घेतो, गंधक काढतो.
शेवटी जो उरतो त्याला वासच नसतो.
म्हणून घराघरात सोडण्याआधी
थेंबभर वास आपणच घालायचा.
गळती झाली तर लोकांना कळायला हवं ना.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
टीव्हीवर कुणीतरी बातम्या वाचत होतं.

"मुद्दाम घालतात?"
मुद्दाम.
"विकत आणून?"
हो, पिंपातून येतो. महाग असतो.

हसले. एवढे हसले की खोकला आला,
आणि मागून आई विचारत राहिली
काय झालं, अहो, काय झालं,
मला तरी सांगा.